पदवी गेली, पायऱ्या राहिल्या: भारतीय नागरी सन्मानांचे वर्ग आणि मानचिन्हे

2 जानेवारी 1954 रोजी राष्ट्रपतींच्या सचिव कार्यालयाने काढलेल्या प्रसिद्धिपत्रकाद्वारे स्वतंत्र भारतातील दोन नागरी सन्मानांची स्थापना झाली. त्यांपैकी ‘भारतरत्न’ हा पोटभेद नसलेला, एकाच पायरीचा सन्मान होता, तर ‘पद्मविभूषण’ या दुसऱ्या सन्मानाचे ‘पहिला वर्ग’, ‘दुसरा वर्ग’ आणि ‘तिसरा वर्ग’ असे तीन वर्ग पाडलेले होते. आज पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री या नावांनी ओळखले जाणारे तीन सन्मान म्हणजे मुळातले हेच तीन वर्ग होत. सरकारने पदव्या देण्यास मनाई करणारी राज्यघटना अमलात येऊन तेव्हा पुरती चार वर्षेही झाली नव्हती. सर्व नागरिकांना समान मानणाऱ्या राज्यव्यवस्थेने नागरिकांच्या गुणवत्तेची प्रतवारी कशी आणि कोणत्या चिन्हांनी करावी, हा प्रश्न त्या प्रसिद्धिपत्रकामागे उभा होता. त्याचे जे उत्तर शोधले गेले त्यात पदवी वगळली गेली, परंतु श्रेणी कायम राहिली. आणि ही श्रेणी पुढे आकड्यांत न सांगता नावांत, धातूंत आणि फितीवरील रेषांत सांगण्यात आली.

या व्यवस्थेचे वेगळेपण कळण्यासाठी ‘ऑर्डर’ या युरोपीय संस्थेचे स्वरूप आधी पाहावे लागते. मध्ययुगीन युरोपात ऑर्डर म्हणजे व्रत घेतलेल्या सरदारांचा संघ असे. त्याला प्रमुख असे, नियम असत, सभासदांची संख्या ठरलेली असे आणि सभासदत्वाची खूण म्हणून विशिष्ट वस्त्र व चिन्ह असे. पुढे राजांनी अशा संघांचे प्रमुखपद स्वतःकडे घेतले आणि निष्ठावंतांना जवळ ठेवण्याचे ते एक साधन झाले. नेपोलियनने 1802 मध्ये ‘लेजियाँ द’ऑनर’ स्थापन करताना या जुन्या साच्यात मोठा बदल केला. जन्माने सरदार नसलेल्या सैनिकाला आणि नागरिकालाही त्यात प्रवेश मिळू लागला, आणि त्याच्या शेव्हालिए, ऑफिसिए, कमांदर, ग्रांतऑफिसिए व ग्रां-क्रुआ अशा चढत्या पाच पायऱ्या पुढे स्थिरावल्या. पायरीनुसार मानचिन्ह बदलते: खालच्या पायरीवर छातीवरचे पदक, मधल्या पायरीवर गळ्यातले चिन्ह आणि सर्वांत वरच्या पायरीवर खांद्यावरून तिरका घेतलेला रुंद पट्टा व छातीवरचा तारा. अनेक देशांनी आपापल्या राष्ट्रीय सन्मानांसाठी हाच साचा उचलला. फ्रान्सनेही 1963 मध्ये शार्ल द गोल यांच्या कारकिर्दीत ‘ऑर्द्र नास्योनाल द्यु मेरित’ हा दुसरा राष्ट्रीय सन्मान काढताना त्याच पाच पायऱ्या ठेवल्या. याउलट इंग्लंडच्या सातव्या एडवर्डने 1902 मध्ये काढलेल्या ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ला एकच वर्ग ठेवला, सभासदांची संख्या 24 वर रोखली आणि त्याला ‘सर’ ही पदवी जोडली नाही. म्हणजे सन्मान, श्रेणी आणि पदवी या तीन वेगवेगळ्या गोष्टी असून त्या एकमेकींपासून सुट्या करता येतात, हे त्या काळच्या इंग्रजी व्यवस्थेतही दिसून येत होते.

भारतातील पहिली वर्गवार सन्मानव्यवस्था मात्र त्याहून जुनी आणि लष्करी आहे. ईस्ट इंडिया कंपनीने 1837 मध्ये आपल्या हिंदी शिपायांसाठी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ सुरू केली. इंग्लंडमधील नव्या सन्मानाशी गल्लत होऊ नये म्हणून 1902 पासून तिला ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ म्हणू लागले. तिचे तीन वर्ग होते आणि ते क्रमानेच चढावे लागत. रणांगणावरील विशेष शौर्याबद्दल प्रथम तिसरा वर्ग मिळे, तो धारण करणाऱ्याने पुन्हा तसेच शौर्य गाजवले तर दुसरा, आणि त्यानंतरच पहिला. या चढणीला पगाराची जोड होती: तिसऱ्या वर्गाला एक तृतीयांश जादा वेतन, दुसऱ्याला दोन तृतीयांश आणि पहिल्याला दुप्पट वेतन मिळे. मानचिन्ह अष्टकोनी ताऱ्याच्या आकाराचे होते. पहिल्या वर्गाचा तारा सोन्याचा, दुसऱ्याचा चांदीचा पण मधल्या पर्णमालेपुरता सोन्याचा, आणि तिसऱ्याचा संपूर्ण चांदीचा असे. फीत मात्र तिन्ही वर्गांना गडद निळी, लाल काठांची होती. एकच आकृती ठेवून केवळ धातूने श्रेणी दाखवण्याची जी पद्धत पुढे प्रजासत्ताकाच्या पदकांत दिसते, ती या देशात अशी एकोणिसाव्या शतकापासून रुळलेली होती. 1911 मध्ये हिंदी सैनिक व्हिक्टोरिया क्रॉससाठी पात्र ठरल्यावर या सन्मानाचा पहिला वर्ग बंद करण्यात आला.

शिपायांच्या शौर्याला पगारवाढीची जोड देणारी ही व्यवस्था संस्थानिक आणि बडे अधिकारी यांच्यासाठी पुरेशी नव्हती. 1857 च्या उठावानंतर कंपनीचा कारभार संपून राणीचे राज्य आले, तेव्हा संस्थानिकांना थेट राजमुकुटाशी बांधून घेण्यासाठी 1861 मध्ये ‘ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया’ स्थापन झाली आणि 1866 मध्ये तिचे नाइट ग्रँड कमांडर, नाइट कमांडर व कंपॅनियन असे तीन वर्ग करण्यात आले. इंग्लंडमधील समकक्ष सन्मानांत वरच्या वर्गाच्या नावात ‘क्रॉस’ हा शब्द येई. तो ख्रिस्ती धर्माचा निदर्शक असल्यामुळे हिंदी धारकांसाठी त्या जागी ‘कमांडर’ हा शब्द घालण्यात आला. 1878 मध्ये ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ ही थोडी खालच्या दर्जाची दुसरी ऑर्डर आली. आरंभी तिला एकच वर्ग होता, परंतु दशकभरात तिलाही तीन वर्ग मिळाले.

या दोन्ही सन्मानांच्या मानचिन्हांत साम्राज्याची प्रतिमासृष्टी अत्यंत विचारपूर्वक गुंफलेली होती. स्टार ऑफ इंडियाच्या गळ्यातील सोन्याच्या साखळीत कमळे, ताडाच्या फांद्या आणि इंग्लंडचे लाल-पांढरे गुलाब एकाआड एक ओवलेले असत; तिच्या चिन्हात गोमेदावर कोरलेली व्हिक्टोरिया राणीची मुखाकृती आणि तिच्यावर हिऱ्यांचा पंचकोनी तारा असे; फीत फिकट निळी, पांढऱ्या काठांची होती. इंडियन एम्पायरच्या साखळीत हत्ती, मोर आणि गुलाब होते, आणि तिचे चिन्ह म्हणजे मध्यभागी राणीची प्रतिमा असलेला पाच पाकळ्यांचा लाल गुलाब होता. कमळ, मोर आणि हत्ती या देशातले, परंतु केंद्रस्थानी चेहरा राणीचा, अशी ही रचना होती, आणि तिच्यातला राजकीय आशय धारकाला वेगळा समजावून सांगावा लागत नसे.

श्रेणीचा परिणाम केवळ चिन्हापुरता नव्हता. वरच्या दोन वर्गांतील धारक ‘नाइट’ ठरत आणि सरदारपद नसलेल्यांच्या नावामागे ‘सर’ लागे, तर कंपॅनियन वर्गातील धारकाला नावापुढे सी. एस. आय. किंवा सी. आय. ई. ही अक्षरे लावण्याचाच अधिकार होता. महाराष्ट्रात हा भेद दोन ठळक उदाहरणांत दिसतो. प्राच्यविद्येचे पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना आधी सी. आय. ई. मिळाली आणि 1911 मध्ये के. सी. आय. ई. मिळाल्यावर ते ‘सर’ भांडारकर झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांना 1904 मध्ये सी. आय. ई. मिळाली होती, 1914 मध्ये देऊ केलेली के. सी. आय. ई. मात्र त्यांनी नाकारली, आणि त्यामुळे ते अखेरपर्यंत ‘नामदार’च राहिले. एका पायरीच्या अंतराने माणसाचे सार्वजनिक नाव बदलत असे. याशिवाय रावबहादूर, रावसाहेब, खानबहादूर, दिवाणबहादूर अशा पदव्यांची निराळी उतरंड होतीच. ती खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत आणि शहरांतील प्रतिष्ठितांपर्यंत पोहोचलेली होती, आणि सरकारी मर्जी कोणावर किती आहे याचे माप लोक तिच्यावरूनच काढत.

त्यामुळेच पदवीचा त्याग ही राष्ट्रीय चळवळीची एक प्रमुख कृती ठरली. जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर 1919 मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी ‘सर’ ही पदवी सोडली. 1920 मध्ये महात्मा गांधींनी 1915 साली मिळालेले कैसर-इ-हिंद सुवर्णपदक परत केले, आणि त्याच वर्षीच्या असहकाराच्या कार्यक्रमात सरकारी पदव्या परत करण्याला स्थान मिळाले. या पार्श्वभूमीवर, लष्करी व शैक्षणिक विशेषोपाधी वगळता राज्य कोणतीही पदवी प्रदान करणार नाही, अशी तरतूद राज्यघटनेच्या अनुच्छेद 18 मध्ये मूलभूत हक्कांच्या भागात करण्यात आली. तरीही सन्मानांची गरज नव्या राज्यकर्त्यांना वाटत होतीच. 1948 मध्येच घटना सल्लागार बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली होती. 26 जानेवारी 1950 रोजी परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र हे लष्करी सन्मान जाहीर झाले. कॅप्टन विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून महाराष्ट्राच्या झालेल्या, जन्माने युरोपीय असलेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनी परमवीर चक्राची रचना केली, आणि मध्यभागी राजमुद्रा व तिच्याभोवती इंद्राची चार वज्रे अशी आकृती योजून राजा-राणीच्या मुखाकृतीची जागा राष्ट्रचिन्हाला दिली. हे पदक कांस्याचे, सुमारे 35 मिलिमीटर व्यासाचे आणि जांभळ्या फितीचे आहे.

1954 मधील नागरी पदकांची पहिली रचना याच वळणाची होती. त्या आराखड्यानुसार भारतरत्नाचे पदक सोन्याचे, वर्तुळाकार आणि बरोबर 35 मिलिमीटर व्यासाचे होते. दर्शनी बाजूस मधोमध सूर्य, वर देवनागरीत ‘भारत रत्न’ आणि खाली पुष्पमाला, तर मागील बाजूस प्लॅटिनमची राजमुद्रा आणि ‘सत्यमेव जयते’ ही अक्षरे असत. पद्मविभूषणाचे पदकही त्याच मापाचे होते. त्यावर मध्यभागी कमळ आणि मागील बाजूस राजमुद्रेसह ‘देश सेवा’ हे शब्द होते. पहिल्या वर्गाच्या गुलाबी फितीवर एक पांढरी रेघ आणि दुसऱ्या वर्गाच्या फितीवर दोन, अशी योजना असल्यामुळे वर्गाचा आकडा फितीवरच वाचता येई.

पहिल्या वर्षीच्या याद्यांवरून वर्गवारीचा प्रत्यक्ष अर्थ लक्षात येतो. भारतरत्न चक्रवर्ती राजगोपालाचारी, सर्वपल्ली राधाकृष्णन आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांना मिळाले. पद्मविभूषणाच्या पहिल्या वर्गात सहा जण होते: शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस, चित्रकार नंदलाल बोस, शिक्षणतज्ज्ञ झाकिर हुसेन, मुंबई प्रांताचे माजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, व्ही. के. कृष्ण मेनन आणि भूतानचे राजे जिग्मे दोरजी वांगचुक. होमी भाभा आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी दुसऱ्या वर्गात होते, तर औंधच्या राजघराण्यातील मुत्सद्दी आप्पासाहेब पंत आणि दादाभाई नौरोजींच्या नात पेरिन कॅप्टन तिसऱ्या वर्गात. भाभांना किंवा सुब्बुलक्ष्मींना ‘दुसऱ्या वर्गाचा’ सन्मान मिळाला असे म्हणणे कानाला किती खटकते हे सांगण्याची गरज नाही. पद्धत म्हणून आकडे सोयीचे असले, तरी गौरव करण्यासाठी ते गैरसोयीचे होते.

8 जानेवारी 1955 च्या अधिसूचनेने हे आकडे काढून टाकले. पहिल्या वर्गाला पद्मविभूषण हे मूळचे नाव राहिले, दुसरा वर्ग पद्मभूषण झाला आणि तिसरा पद्मश्री. नावे बदलली तरी चढण तीच राहिली: पद्मविभूषण ‘अपवादात्मक व विशेष उल्लेखनीय’ सेवेसाठी, पद्मभूषण ‘उच्च श्रेणीच्या विशेष’ सेवेसाठी आणि पद्मश्री ‘विशेष’ सेवेसाठी, असे निकष ठरले. लष्करात हाच बदल बारा वर्षांनी झाला. अशोक चक्राचे तीन वर्ग 1967 मध्ये अशोक चक्र, कीर्ती चक्र व शौर्य चक्र या नावांनी ओळखले जाऊ लागले आणि विशिष्ट सेवा पदकाचे तीन वर्ग परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदक झाले. श्रेणी उघड आकड्यात सांगू नये, ती विशेषणाच्या चढउतारात मुरवावी, हा भारतीय सन्मानव्यवस्थेचा स्थायी नियम यातून तयार झाला.

मानचिन्हांची नवी रचनाही याच काळातली. भारतरत्नाचे पदक वर्तुळाकार न राहता पिंपळपानाच्या आकाराचे झाले. सुमारे सहा सेंटिमीटर लांब आणि पावणेपाच सेंटिमीटर रुंद असे हे पान कांस्याचे असून त्यावरील सूर्य, मागील बाजूची राजमुद्रा आणि पानाची कड प्लॅटिनमची आहे; सूर्याखाली देवनागरीत सन्मानाचे नाव आहे. ते सुमारे दोन इंच रुंदीच्या पांढऱ्या फितीने गळ्यात घालतात. पद्म सन्मानांची तिन्ही पदके कांस्याची आणि एकाच आराखड्याची आहेत. गोल चकतीवर चौकोनी रेषांची भौमितिक आकृती, तिच्या मध्यभागी उठावाचे वर्तुळ, त्यात कमळ, कमळाच्या वर ‘पद्म’ आणि खाली ‘विभूषण’, ‘भूषण’ किंवा ‘श्री’ अशी अक्षरे, ही रचना तिन्हींत समान आहे. भेद आहे तो बारकाव्यात. पद्मविभूषणाच्या पदकावरील उठाव पांढऱ्या सोन्याचा असतो, तर पद्मभूषणावरील उठाव पिवळ्या सोन्याचा. फितींचा हिशेबही बदलला: पद्मविभूषणाची फीत निव्वळ गुलाबी, पद्मभूषणाच्या फितीत मधोमध एक पांढरा पट्टा आणि पद्मश्रीच्या फितीत दोन. आकडे नावातून गेले तरी पट्टे मोजता येणाऱ्याला श्रेणी आजही फितीवर वाचता येते. ही सर्व पदके कोलकात्यातील अलीपूर टांकसाळीत तयार होतात, आणि त्यांच्यासोबत राष्ट्रपतींच्या सहीची सनद दिली जाते.

युरोपीय ऑर्डरपासून ही व्यवस्था दोन बाबतींत वेगळी पडते. येथे धारकांचा संघ नाही, संघप्रमुख नाही आणि सभासदांसाठी राखलेल्या ठरावीक जागा नाहीत. मर्यादा आहे ती दर वर्षाच्या संख्येवर. भारतरत्न एका वर्षी जास्तीत जास्त तिघांना आणि पद्म सन्मान, मरणोत्तर तसेच परदेशी व अनिवासी व्यक्तींचे सन्मान सोडून, 120 जणांना द्यावेत असे बंधन आहे, जरी 1999 मध्ये चार आणि 2024 मध्ये पाच भारतरत्ने दिली गेली. दुसरे असे की, शिपायांच्या ऑर्डरप्रमाणे येथे एकेक पायरी क्रमाने चढणे सक्तीचे नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना 1955 मध्ये थेट पद्मविभूषण आणि 1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. याउलट भीमसेन जोशी यांना 1972 मध्ये पद्मश्री, 1985 मध्ये पद्मभूषण, 1999 मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि 2008 मध्ये भारतरत्न जाहीर झाले, म्हणजे सारी चढण चढायला त्यांना 36 वर्षे लागली. एकदा पद्म सन्मान मिळाल्यावर वरचा सन्मान साधारणतः पाच वर्षांनंतरच द्यावा असा संकेत आहे. डॉक्टर व शास्त्रज्ञ वगळता सरकारी कर्मचारी सेवेत असताना पात्र ठरत नाहीत, आणि सन्मानासोबत रोख रक्कम किंवा प्रवासातील सवलत मिळत नाही. 2011 मध्ये भारतरत्नाची कक्षा मानवी कर्तृत्वाच्या कोणत्याही क्षेत्रापर्यंत वाढवण्यात आली, आणि त्यामुळेच सचिन तेंडुलकर हे पहिले खेळाडू त्याचे मानकरी होऊ शकले.

या व्यवस्थेच्या घटनात्मकतेबद्दलचा वाद मात्र आरंभापासून मिटला नव्हता. आचार्य कृपलानी यांनी 1969 मध्ये हे सन्मान बंद करण्यासाठी लोकसभेत अशासकीय विधेयक आणले; ते नामंजूर झाले. 1977 मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने सन्मान थांबवले आणि जानेवारी 1980 मध्ये इंदिरा गांधी यांच्या सरकारने ते पुन्हा सुरू केले. 1992 मध्ये उच्च न्यायालयांत याचिका दाखल झाल्यावर 1993 ते 1997 या वर्षांत पद्म सन्मान दिले गेले नाहीत. अखेर 15 डिसेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बालाजी राघवन खटल्यात निकाल दिला की, हे सन्मान अनुच्छेद 18 मधील ‘पदवी’ या संज्ञेत मोडत नाहीत. समता म्हणजे गुणवत्तेची दखल न घेणे नव्हे, आणि उत्कृष्टतेसाठी झटणे हे जर राज्यघटनेने नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे, तर त्या उत्कृष्टतेचा गौरव करणारी व्यवस्थाही घटनेशी सुसंगत आहे, अशी या निकालाची भूमिका होती. परंतु न्यायालयाने त्याला एक अट जोडली: सन्मानाचे नाव धारकाच्या नावाच्या मागे किंवा पुढे लावता येणार नाही, आणि तसे केल्यास तो सन्मान गमावण्याची वेळ येऊ शकते.

या अटीचे महत्त्व वसाहतकालीन अनुभवाशी ताडून पाहिल्यावरच कळते. भांडारकर आणि गोखले यांच्यातला फरक पदकाने नव्हे, तर नावाला चिकटलेल्या ‘सर’ने घडवला होता, आणि अनुच्छेद 18 ने नेमका तोच जोड तोडला. गळ्यातले पिंपळपान किंवा छातीवरचे कमळ हे समारंभापुरते आणि सनदेपुरते असते. तेच नावाला जोडले की ते पदवी होते आणि सन्मानाचा घटनात्मक आधारच निसटतो. गृहमंत्रालयाच्या सूचनाही पत्रशीर्ष, निमंत्रणपत्रिका, भित्तिपत्रके आणि पुस्तके यांवर सन्मानाचा असा वापर करण्यास मनाई करतात. तरीही मराठी व्यासपीठांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर ‘पद्मश्री’ व ‘पद्मभूषण’ हे शब्द नावाआधी सर्रास छापले जातात, आणि बहुधा ते धारकाने नव्हे, तर त्याच्याविषयीच्या आदरापोटी आयोजकांनीच घातलेले असतात. हा आदर परिचयाच्या मजकुरात, सन्मानाचे नाव व वर्ष देऊन व्यक्त करता येतो. नावाआधी तो छापणे हे कायद्याला धरून नाही.